पळीबाईंचा हिवाळा

माझ्या सासूबाई बाटल्यांच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायच्या. तीसेक वर्षं केला. कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. जेवण तयार झालं की त्या मोठी पळी पातेल्याच्या काठावर आपटायच्या, आणि तो आवाज भट्ट्यांच्या घरघरीतूनही कामगारांच्या कानावर जायचा. म्हणून त्या पळीबाई. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, छातीवर माझ्या नावाचा बिल्ला आहे, तरी निम्मी गिऱ्हाईकं मला 'पळीबाईंची सून' म्हणूनच ओळखतात. मला ते आवडतं. त्यांच्या एका हिवाळ्यामुळे तर जास्तच आवडायला लागलं, आणि तीच गोष्ट सांगायची आहे.

त्या रिटायर झाल्या तेव्हा थंडी नुकतीच सुरू झाली होती. निरोपाला कारखान्याने त्यांना काय द्यावं? भला मोठा प्रेशर कुकर. घरी येऊन त्यांनी तो खोक्यासकट टेबलावर ठेवला, स्वतः खुर्चीत बसल्या आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

"तुरुंगातून सुटणाऱ्याला कुलूप भेट द्यावं, तसं झालं हे," त्या म्हणाल्या.

सासरे समोर बसून एका कोटाला काज करत होते. खालच्या मजल्यावर त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे, पण हातातलं काम ते वर घेऊन येतात. मान वर न करता ते म्हणाले, "बरं झालं. आता घरात दोन्ही वेळा तुझ्या हातचं मिळेल."

सासूबाई म्हणाल्या, "अहो, ऐका. ही थंडी संपेपर्यंत मी गॅस पेटवणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बाहेर जेवणार. खुर्चीवर बसून. दुसऱ्याने वाढलेलं. गरम. आणि सिनेमे बघणार, पहिल्यापासून."

सासऱ्यांनी सुई थांबवली आणि माझ्याकडे बघितलं, जणू काही मीच हे त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. मी कुकर उचलून कपाटावर ठेवला.

ह्यामागे काय होतं, ते मला हळूहळू कळलं. कँटीनमध्ये स्वयंपाकघरातली माणसं सगळ्यांच्या शेवटी जेवतात. एक पाळी उठली की दुसरी बसते, पातेली घासायला जायच्या आधी जे खाली उरलं असेल ते उभ्या उभ्या खायचं, आणि तोवर ते गार झालेलं असतं. हजारो माणसांना गरम वाढणाऱ्या बाईने स्वतः गरम घास म्हणून काही खाल्लाच नव्हता. घरी यायच्या तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकलेली असत.

सिनेमाचंही तसंच. कारखान्याच्या फाटकासमोर पूर्वी एक थिएटर होतं. कँटीनचं काम संपायचं आणि तिकडे मध्यंतर व्हायचं. तिथला डोअरकीपर त्यांच्या हातचं जेवून मोठा झालेला. तो त्यांना मध्यंतरानंतर आत सोडायचा. त्यामुळे सासूबाईंनी सिनेमे पाहिले ते सगळे अर्धे, आणि सगळे दुसरे अर्धे. कितीतरी सिनेमांचे शेवट त्यांना तोंडपाठ होते आणि सुरुवात एकाचीही माहीत नव्हती. मग त्या स्वतःच ती जुळवायच्या. दुसऱ्या दिवशी बटाटे सोलता सोलता बाकीच्या बायकांना सगळा सिनेमा सांगायच्या, पुढचा भाग खरा आणि मागचा घरचा.

तर तो हिवाळा. पहिल्याच आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी बाहेर पडलो. माझा नवरा त्याच कारखान्यात भट्टीवर आहे, त्याची पाळी दुपारपासून रात्रीपर्यंतची, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता. सासरे म्हणाले, "मी घरीच जेवीन. पाव आहे, लोणी आहे, मला पुरे." आणि त्यांनी शिवणयंत्र असं जोरात चालवलं, की आम्हाला जिना उतरेपर्यंत त्यांचा राग ऐकू येत होता.

नदीच्या पुलापाशी एक छोटं हॉटेल आहे, सहा-सात टेबलांचं. थंडीत नदीला एक चपटा मासा येतो, तो इथे मिरपूड लावून भाजून देतात. त्याच्याआधी त्याच माशाच्या डोक्यांचं सूप. सासूबाई खिडकीजवळ बसल्या. बाहेर धुकं इतकं होतं की पूल अर्ध्यातच संपल्यासारखा दिसत होता. सूप आलं. त्या वाडग्यावर वाकल्या आणि चष्म्याच्या दोन्ही काचा वाफेने पांढऱ्या झाल्या. माझ्या दुकानातलाच चष्मा, मी पुसून द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी मला थांबवलं. तशाच, काही दिसत नसताना, त्यांनी चमचा तोंडात घातला आणि ओरडल्या, "अगं, भाजलं!"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं, आता सासूबाई तक्रार करतात की काय. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला हसूच आलं. जीभ भाजली म्हणून एवढी खूश झालेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

जेवण झाल्यावर त्या उठल्या आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आतला आचारी घाबरला. हातातलं फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "काय झालं मावशी? मीठ जास्त पडलं का?"

"नाही हो. छान झालंय. सूपही आणि मासाही. एवढंच सांगायला आले."

तो माणूस खांद्यावरचं फडकं काढून पुन्हा हात पुसायला लागला.

घरी येताना त्या मला म्हणाल्या, "माझ्या कँटीनमध्ये आत माणूस यायचा तो मीठ चुकलं तरच. बरोबर पडलं म्हणून कुणी आलं नाही कधी."

त्यानंतर हा नेमच झाला. बाजाराच्या मागे मशरूमचा रस्सा आणि जाड पाव मिळणारी खाणावळ. स्टेशनसमोरचं हॉटेल, जिथे हिवाळाभर वाटाण्यांचं घट्ट सूप मिळतं. टेकडीवरचं एक, जिथे निखाऱ्यावर बटाटे भाजून त्यावर नुसतं लोणी आणि मीठ घालून देतात आणि बटाटा फोडला की हात शेकून निघतात. ह्या गावात मी किती वर्षं राहतेय, पण हे गाव थंडीत इतकं चवदार असतं हे मला सासूबाईंनी दाखवलं. आणि प्रत्येक ठिकाणी जेवण झालं की त्यांची स्वारी निघायची स्वयंपाकघराकडे. जे आवडलं ते सांगायच्या. नाही आवडलं तर गप्प उठून यायच्या. मग हळूहळू असं झालं, की त्या दारातून आत शिरल्या की आतून एखादा आचारी डोकावून बघायचा आणि परत कामाला लागायचा, जरा जास्तच जोमाने.

सासरे किती दिवस पाव-लोणी खाणार? आम्ही घरी येऊन काय खाल्लं ते सांगायचो आणि ते ऐकत नसल्यासारखं ऐकायचे. एका दुपारी आम्ही निघालो, तर हे कोट घालून जिन्यात उभे. स्वतः शिवलेला काळा कोट, लग्नाकार्यांसाठी राखलेला.

"घरात फार गारठा आहे," ते म्हणाले. "जरा ऊब येईल म्हणून येतो."

सासूबाई म्हणाल्या, "या की," आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

त्या दिवशी आम्ही एका मोठ्या हॉटेलात गेलो होतो, पांढऱ्या टेबलक्लॉथच्या. जेवण झालं, सासूबाई उठल्या, तर वेटर आडवा आला. "आत जाता येत नाही, मॅडम."

"मग त्यांना बाहेर बोलवा."

सगळं हॉटेल बघायला लागलं. आचारी आला, उंच टोपीतला, कपाळावर आठ्या घालून. त्यांनी त्याला सांगितलं, की भात मोकळा झाला होता आणि वरचा कांदा काळा न होता कुरकुरीत झाला होता, हे सोपं नाही. आठ्या गेल्या. टोपी काढून तो वाकला. सासरे मात्र ताटातल्या एका शिताकडे असे बघत होते, की जणू तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.

रस्त्यात ते म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"अहो, तुमच्या कोटाचं काज कुणी चांगलं म्हटलं, की तुम्ही आठवडाभर मला सांगत असता. तो आचारी आत, बाहेरून दार लावलेलं. त्याला कोण सांगणार?"

सासऱ्यांनी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला. पण दुसऱ्या वेळी बोलावल्याशिवाय कोट घालून तयार होते.

सिनेमाचं असं झालं, की चौकातल्या थिएटरमध्ये थंडीत दुपारी जुने सिनेमे लावतात. आत हीटर असतो, म्हणून म्हातारी माणसं येतात, काही बघायला आणि काही झोपायला. सासूबाईंना तर घबाडच सापडलं. त्यांनी अर्धे बघितलेले सिनेमे एकेक करून येत होते.

पहिल्याच सिनेमात गंमत झाली. त्यात एक घड्याळजी आहे, जो शेवटाकडे भर पावसात एका मुलीला दारातून घालवून देतो. सासूबाईंनी त्या घड्याळजीला आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. कँटीनमधल्या साऱ्या बायकांनाही घालायला लावल्या होत्या. आता सुरुवात बघितली तर काय? त्याच माणसाने त्या मुलीला लहानाचं मोठं केलेलं, तिच्या शिक्षणासाठी दुकान विकलेलं, आणि ती त्याला न सांगता निघून गेलेली. मध्यंतराला दिवे लागले. मी चहा आणला, तो सासूबाई तसाच हातात धरून बसल्या.

"बिचारा," शेवटी म्हणाल्या. "आणि मी त्याला काय काय बोलले!"

उरलेला सिनेमा त्यांना पाठ होता, तरी त्या वेळी त्या रडल्या, आणि घड्याळजीसाठी रडल्या.

पण सगळ्याच सुरुवाती त्यांना पटल्या असं नाही. एकदा तर बाहेर येऊन फणकाऱ्याने म्हणाल्या, "ह्यापेक्षा माझी बरी होती."

आता त्या रविवारचं सांगते. थंडी अगदी कडाक्याची होती. थिएटरच्या शेजारी एक हॉटेल आहे, एक बाई चालवतात, सगळे त्यांना मालकीणबाईच म्हणतात. दुपारच्या खेळाआधी तिथे जेवायला झुंबड असते. आम्ही तिघं कसेबसे बसलो होतो. ऑर्डर दिली, पाव आला, आणि आतून मोठा आवाज झाला. भांडं पडल्याचा, आणि त्याच्यामागून माणूस ओरडल्याचा.

तिथल्या म्हाताऱ्या आचाऱ्याच्या उजव्या हातावर उकळतं सूप सांडलं होतं. जेवायला आलेल्यांत एक नर्स होती, ती धावत आत गेली. तिने हात गार पाण्याखाली धरायला लावला. म्हणाली, फार खोल भाजलेलं नाही, पण आज ह्या हाताने काही करायचं नाही. आत भाज्या चिरणारी एकटी बाई उरली होती, आणि बाहेर सगळी टेबलं पोटात कावळे ओरडणाऱ्या माणसांनी भरलेली.

मालकीणबाई घाम पुसत बाहेर आल्या, इकडेतिकडे बघितलं, आणि त्यांची नजर आमच्या टेबलावर पडली. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"पळीबाई! देवच पावला. तुम्ही हजार माणसांचं केलेलं आहे. आजच्या दिवस आत या ना."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. सासरे म्हणाले, "अगं, जा ना. वेळ आलीय त्यांच्यावर."

मीही त्यांची पर्स धरायला हात पुढे केला होता. खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं की त्या जातील.

सासूबाईंनी पावाचा तुकडा खाली ठेवला. "नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी जेवायला आलेय. रिटायर झालेला ड्रायव्हर बसमध्ये बसला, तर त्याला गाडी चालवायला सांगता का?"

आवाज शांत होता, राग नव्हता. पण टाळी वाजवणाऱ्याने हात खाली घेतले. मालकीणबाईंचे डोळे भरून आले. मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं. त्या बाईला नाही म्हणताना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण 'नाही' तसंच होतं, जागचं हललं नव्हतं. आयुष्यभर पळी आपटून दुसऱ्यांना जेवायला बोलावणाऱ्या त्या बाईचा मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला, तेवढा नंतरही क्वचितच वाटला असेल.

"मी तुमची अडचण करणार नाही," त्या पुढे म्हणाल्या. "कितीही उशीर झाला तरी थांबीन. उठून जाणार नाही. आणि ह्या मंडळींनाही उठू देणार नाही, तो माझा शब्द."

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासरे उभे राहिले होते. त्यांनी काळा कोट काढला, नीट घडी केली, माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "सांभाळ. चुरगळू देऊ नकोस."

"अहो, तुम्ही कुठे?"

"आत. आचाऱ्याचा हात भाजलाय, तोंड नाही. तो सांगेल, मी करीन. कापायचं कसं ते मला कळतं."

चहासुद्धा कधी स्वतः न केलेला माणूस बाह्या दुमडून स्वयंपाकघरात शिरला. मी कोट सासूबाईंकडे दिला आणि ताटं पोचवायला मागोमाग गेले. आत आचारी स्टुलावर बसला होता, हात ओल्या कापडात, आणि सैन्य चालवावं तसे हुकूम सोडत होता. "बारीक! अजून बारीक!" सासरे गळ्यात मोजमापाची टेप असल्यासारखे मान वाकवून कांदा कापत होते, डोळ्यांतून धारा, पण काप असे एकसारखे की आचारी म्हणाला, "काका, हे कपडे शिवतात तसं नाही, जरा भराभर!"

बाहेर सासूबाईंनी आपलं काम सुरू केलं होतं. त्या दुपारी शेजारी लागणारा सिनेमा सगळे बघायला जाणार होते. सासूबाईंनी विचारलं, "कुणी बघितलाय का हो आधी?" कुणीच नव्हता.

"मी बघितलाय. अर्धा."

"शेवट सांगू नका!" दोन-चार जण ओरडले.

"शेवट नाही सांगत. मला सुरुवात माहीत नाही, तीच सांगते." आणि सुरू झाल्या. दीपगृहात एकटा राहणारा माणूस आहे, त्याच्याकडे एक बाई कुलूपबंद ट्रंक घेऊन येते आणि तो तिच्याशी एक शब्द बोलत नाही, इथून त्यांना माहीत होतं. त्याच्या आधीचं त्यांनी उभं केलं. तो गायक होता, ती त्याची बायको. ट्रंकेत त्याचे गाण्याचे कपडे. तिच्याच हट्टापायी तो तापात गायला आणि गळा गेला. मी ताटं घेऊन आतबाहेर करत होते, त्यामुळे मला तुकडे तुकडेच मिळाले, पण दर वेळी बाहेर आले की माणसं खुर्च्या सरकवून त्यांच्या जास्त जवळ आलेली. कुणी म्हणत होतं, "मग तो लिहून का नाही सांगत?" तर सासूबाई, "रुसलेला माणूस लिहील का?" एक मिशीवाले गृहस्थ तर ताट समोर येऊनही जेवायचं विसरले. सासूबाईंनीच त्यांना दटावलं, "आधी गरम आहे तोवर खा!"

एकही माणूस उठून गेला नाही. आमचं जेवण सगळ्यात शेवटी आलं, आणि ते सासऱ्यांनी स्वतः आणून वाढलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला.

"रस्सा छान आहे. कांदा जरा जाड," त्या म्हणाल्या.

"जाड?" आतून आचारी ओरडला. "मी सांगत होतो ना!" आणि सगळं हॉटेल हसलं.

मग सगळेच्या सगळे उठून सिनेमाला गेले, पळीबाईंची सुरुवात बरोबर निघते का ते बघायला. पार चुकीची निघाली! सिनेमात ती बाई त्या माणसाला ओळखतच नव्हती, चुकीच्या बोटीत बसून चुकीच्या बेटावर उतरली होती, आणि ट्रंक दुसऱ्याच कुणाची. मध्यंतर झालं आणि मिशीवाले गृहस्थ चार रांगा ओलांडून आले.

"मावशी, चुकीची बोट? एवढंच? तुमचीच बरी होती."

"मग!" सासूबाई म्हणाल्या, आणि शालीचं टोक खांद्यावर असं टाकलं की बस. शेजारी सासरे बसले होते, हातांना कांद्याचा वास, कोट घातलेला. त्यांनी त्या गृहस्थांना न विचारता सांगितलं, "आमच्या घरची आहे ती."

आचाऱ्याचा हात बरा व्हायला बरेच दिवस लागले. तोवर सासरे दर रविवारी जात राहिले, आणि बरा झाल्यावरही थांबले नाहीत. त्यांनी स्वतःसाठी एक ॲप्रन शिवला, दोन खिशांचा, आणि आचाऱ्यालाही तसाच. आता तिथे कांद्याबद्दल कुणाची तक्रार नसते. मालकीणबाईंच्या मनात त्या दिवसाचं काही राहिलं नाही. उलट त्यांनीच एकदा मला सांगितलं, की त्या 'नाही'नंतर त्यांनी स्वतः आठवड्यातून एक दिवस हॉटेल बंद ठेवायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी त्या दुसरीकडे जेवायला जातात.

हिवाळा संपत आला तेव्हा माझ्या नवऱ्याची पाळी बदलली आणि त्याच्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. पहिल्याच दिवशी सासूबाई त्याला पुलापाशी घेऊन गेल्या, मी आणि सासरे होतोच. नवरा आईच्या समोर बसला. एवढा भट्टीवर काम करणारा दांडगा माणूस, मिठाची बाटली इकडून तिकडे सरकवत राहिला. मग सूप आलं, मासा आला, आणि कुठून कोण जाणे, त्याच्या शाळेतल्या एका मित्राचा विषय निघाला. त्यानंतर मायलेक थांबलेच नाहीत. सासरे आणि मी नुसते ऐकत होतो. टेबलं रिकामी झाली, पोऱ्याने खुर्च्या उलट्या ठेवायला घेतल्या, तरी ह्यांचं चालूच.

घरी येताना सासू-सासरे पुढे चालत होते, आम्ही मागे. रस्त्यावर थंडीने कुणी नव्हतं. नवरा पुढे चालणाऱ्या आईकडे बघत होता. मग म्हणाला, "आईला जेवताना मी आज पहिल्यांदा बघितलं."

"हो का?"

"किती सावकाश जेवते गं ती," तो म्हणाला.